रुग्णालय चालू ठेवून नोंदवही बदलताना
(वार्षिक सभेत व्यवस्थापनाच्या वतीने केलेले निवेदन)



वर्षभरातील रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचा तपशील या अहवालात स्वतंत्रपणे दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती न करता, येत्या वर्षात हाती घ्यावयाच्या एका कामाविषयी आपणांशी सविस्तर बोलावे, असे आम्ही ठरविले आहे. नवा कक्ष उभा राहिला की त्याचे उद्घाटन होते, नवे यंत्र आले की त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. या कामाचे तसे नाही. ते नीट पार पडले तर कोणाच्याही लक्षात येणार नाही. लक्षात आलेच, तर काहीतरी अडल्यामुळेच येईल. रुग्णालयाच्या सर्व नोंदी ज्या संगणकावर साठविल्या जातात तो डेटाबेस सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्यावयाचा आहे, आणि हे करताना रुग्णालयाचे कामकाज शक्य तितका कमी वेळ थांबवावयाचे आहे. हे कसे होणार, त्यात धोका कोठे आहे आणि त्यासाठी आपल्या देणगीतून खर्च का करावा, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आवृत्ती का बदलावयाची

आपल्या रुग्णालयाची नोंदप्रणाली पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर चालते. या प्रणालीचा उगम अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या संशोधनातून झाला. आज ती मुक्त सॉफ्टवेअर म्हणून जगभर वापरली जाते व तिच्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही. धर्मादाय संस्थेच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. मात्र विनामूल्य असलेली वस्तू निगेविना चालत नाही. या प्रणालीची एक मुख्य आवृत्ती दरवर्षी निघते आणि प्रत्येक आवृत्तीतील दोष व सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करण्याची जबाबदारी तिचे निर्माते पाच वर्षे घेतात. आपली आवृत्ती चौदावी, सप्टेंबर २०२१ मधील. तिची मुदत नोव्हेंबर २०२६ ही ठरलेली आहे. त्यानंतर सापडलेल्या त्रुटींवर त्या आवृत्तीसाठी दुरुस्ती निघत नाही. ज्या आवृत्तीवर आपण जाऊ इच्छितो ती सतरावी, सप्टेंबर २०२४ मधील असून तिची मुदत नोव्हेंबर २०२९ पर्यंत आहे.

'चालते आहे ते चालू द्यावे' हा विचार व्यवहारात पुष्कळदा शहाणपणाचा असतो. येथे मात्र तो धोक्याचा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजेच एम्सवर, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला. तेथील नोंदणी, अहवाल व बिले यांचे काम सुमारे दोन आठवडे हातानेच करावे लागले. एवढ्या मोठ्या मनुष्यबळाच्या संस्थेची ही स्थिती झाली, तर आपल्यासारख्या संस्थेने आपली कुलपे वेळेवर बदलणे अधिकच अगत्याचे ठरते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ यानेही रुग्णाच्या माहितीच्या रक्षणाची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकलेली आहे.

सर्व्हर थांबतो तेव्हा काय थांबते

बँकेचे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने रविवार, १८ एप्रिल २०२१ रोजी मध्यरात्रीपासून दुपारी दोन वाजेपर्यंत, म्हणजे चौदा तास, आरटीजीएस ही मोठ्या रकमा पाठविण्याची सेवा तांत्रिक सुधारणेसाठी बंद ठेविली होती. पुढच्याच महिन्यात, २३ मे २०२१ च्या रविवारी, एनईएफटी ही सेवा अशाच कारणाने मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत बंद होती. दोन्ही वेळा पूर्वसूचना दिली गेली, आणि एक सेवा बंद असता दुसरी चालू राहिली. हा नियोजनाचा उत्तम नमुना आहे. तरीही तो आपल्याला जसाच्या तसा उचलता येत नाही. पैसा रविवारी दुपारपर्यंत थांबू शकतो. प्रसूतीची वेळ, अपघात आणि हृदयविकाराचा झटका थांबत नाहीत. शुक्रवार पेठेच्या अरुंद रस्त्यांतून रात्री दोन वाजता रिक्षाने आणलेल्या रुग्णाला 'सर्व्हर बंद आहे, दुपारी या' असे सांगणारे रुग्णालय धर्मादाय म्हणवून घेण्यास पात्र नाही.

यंत्र थांबल्याने डॉक्टरांचे हात थांबत नाहीत, हे खरे. परंतु त्या हातांना लागणारी माहिती अडते. मागच्या वेळी कोणते औषध सोसले नव्हते, रक्तगट कोणता, काल रात्रीच्या तपासणीत क्रिएटिनिन किती होते, ही उत्तरे सर्व्हरवर असतात. औषधालयातील साठा, रक्ताच्या मागणीची नोंद, शस्त्रक्रियागृहाची यादी आणि सुट्टी मिळालेल्या रुग्णाचे अंतिम बिल हेही तेथेच असते. सकाळी सोडलेला रुग्ण बिल न निघाल्याने दुपारपर्यंत खाटेवर बसून राहिला, तर दुसरा रुग्ण स्ट्रेचरवर थांबतो.

याहून महत्त्वाची गोष्ट निर्धन रुग्णांची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या, १ सप्टेंबर २००६ पासून अंमलात आलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. या रुग्णांच्या खर्चासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. कोणती खाट रिकामी आहे आणि निधीत शिल्लक किती, याचा हिशेब याच सर्व्हरवर होतो. बदलाच्या गडबडीत काही बिले गहाळ झाली, तर तेवढ्या प्रमाणात गरिबाचा वाटा कमी होतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. अशा योजनांतील मंजुरीसाठी लागणारे अहवाल रुग्णालयाच्या नोंदींतूनच निघतात. म्हणून सर्व्हर किती तास बंद राहील या प्रश्नाचा आमच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की त्या वेळात दारात येणाऱ्या माणसाचे काय होईल.

तीन मार्ग

आवृत्ती बदलण्याचे तीन प्रचलित मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे काम थांबवून सर्व नोंदी जुन्या सर्व्हरवरून एका फाईलमध्ये उतरवून घ्यावयाच्या आणि नव्या सर्व्हरवर पुन्हा भरावयाच्या. हा सर्वांत सरळ मार्ग. परंतु नोंदी जितक्या जास्त तितका वेळ जास्त, आणि तेवढा वेळ रुग्णालयाचे कामकाज बंद.

दुसरा मार्ग त्याच यंत्रावर जुन्या फाईली नव्या आवृत्तीच्या साच्यात बसविण्याचा. यासाठी पोस्टग्रेसचेच एक साधन आहे आणि ते अनेकदा काही मिनिटांत काम उरकते. हा मार्ग स्वस्त आहे, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. त्यात अडचण परत फिरण्याची आहे. वेळ वाचविण्यासाठी जुन्या फाईलींची प्रत न काढता त्याच वापरल्या आणि नवी आवृत्ती एकदा सुरू झाली, की जुनी पुन्हा सुरक्षितपणे चालू करता येत नाही. पहाटे चार वाजता काही बिघडले, तर बॅकअपमधून सर्व नोंदी परत आणण्यावाचून इलाज उरत नाही. शिवाय आपल्याला यंत्रही बदलावयाचे आहे आणि त्यावरील लिनक्सही.

तिसरा मार्ग रेप्लिकेशनचा. जुना सर्व्हर काम करीत असतानाच त्याच्या शेजारी नवा सर्व्हर उभा करावयाचा, जुन्यातील प्रत्येक नोंद त्याच्याकडे सतत पाठवीत राहावयाचे, आणि दोघे बरोबरीला आले की थोड्या वेळात कामकाज नव्याकडे वळवावयाचे. आमची शिफारस या तिसऱ्या मार्गाची आहे.

कीर्द आणि खतावणी

रेप्लिकेशन हा शब्द नवा वाटला, तरी त्यातील विचार सोलापूरच्या बाजारपेठेला जुना आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सुताची, कापडाची वा भुसार मालाची पेढी आहे. पेढीवर व्यवहार झाला की तो प्रथम कीर्दीत लिहिला जातो आणि मग ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढविला जातो. डेटाबेस नेमका हेच करतो. रुग्णाची नोंदणी झाली, तपासणीचा निकाल आला, बिल फाडले, की सर्व्हर ती घटना प्रथम आपल्या कीर्दीत क्रमवार टिपतो आणि मग संबंधित तक्त्यात मांडतो. मध्येच वीज गेली, तरी कीर्दीवरून खतावणी पुन्हा जुळविता येते.

आता असे समजा, की पेढी चालू असतानाच नवी खतावणी तयार करावयाची आहे. एक कारकून जुन्या खतावणीतील सर्व खाती नव्या वहीत उतरवून घेतो. या कामास कित्येक तास लागोत वा दोन दिवस, पेढीचे दार उघडेच असते. या अवधीत झालेले नवे व्यवहार कीर्दीत लिहिलेले असतातच. उतरविणे संपले की कारकून ते व्यवहार क्रमाने नव्या वहीत चढवितो, आणि त्यानंतर कीर्दीत ओळ पडली की लगोलग नव्या वहीतही पडते. दोन्ही वह्या बरोबरीला आल्या की मालक क्षणभर लेखणी थांबवितो, शेवटची ओळ तपासतो, जुनी वही मिटून नवी उघडतो. पेढी बंद राहते ती एवढाच वेळ.

पोस्टग्रेसमध्ये याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात कीर्दीचे बाइट जसेच्या तसे दुसरीकडे जातात. तो २०१० पासून उपलब्ध आहे आणि राखीव सर्व्हरसाठी उत्तम आहे, पण दोन्हीकडे मुख्य आवृत्ती एकच असावी लागते. त्यामुळे आवृत्ती बदलण्यास तो उपयोगी पडत नाही. दुसऱ्या प्रकारात 'अमुक तक्त्यात अमुक नोंद वाढली, अमुक बदलली' असा अर्थ पाठविला जातो, आणि नवा सर्व्हर तो आपल्या पद्धतीने मांडतो. ही सोय ऑक्टोबर २०१७ मध्ये निघालेल्या दहाव्या आवृत्तीपासून मूळ प्रणालीतच आहे आणि ती भिन्न आवृत्त्यांत चालते.

या प्रकाराचा आपल्या शहराला एक खास लाभ आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच रांगेत उभी राहतात, आणि त्यांची नावे शोधणे हे नोंदणी खिडकीवरचे नित्याचे काम आहे. लिनक्सच्या मूळ घटकांत २०१८ मध्ये अक्षरांच्या क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. जुन्या लिनक्सवरील फाईली तशाच नव्या लिनक्सवर नेल्या, तर जुन्या क्रमाने लावलेली अनुक्रमणिका नव्या नियमांशी जुळत नाही, आणि नोंद असूनही नाव सापडत नाही असा प्रसंग येऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात नवा सर्व्हर अनुक्रमणिका स्वतःच नव्याने बांधतो, म्हणून हा धोका टळतो.

आधीची तयारी

या कामाचे यश बदलाच्या रात्रीपेक्षा त्याआधीच्या आठवड्यांवर अवलंबून आहे. त्यातील प्रमुख बाबी अशा.

प्रत्येक तक्त्यातील प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख असावी लागते, जसा रुग्णाला नोंदणी क्रमांक असतो. ज्या तक्त्यात अशी ओळख नाही त्यातील नोंद दुरुस्त करावयाची झाल्यास 'कोणती ओळ?' हे नव्या सर्व्हरला सांगता येत नाही, आणि रेप्लिकेशन सुरू असता जुना सर्व्हर ती दुरुस्तीच नाकारतो. म्हणून असे तक्ते आधी शोधून त्यांना ओळख द्यावी लागेल.

कीर्द अधिक तपशिलाने लिहिली जावी यासाठी जुन्या सर्व्हरवर एक बदल करावा लागतो, आणि तो लागू होण्यासाठी सर्व्हर एकदा बंद करून चालू करावा लागतो. म्हणजे कामकाज दोनदा थांबेल. एकदा प्रारंभी अल्पकाळ, आणि एकदा अखेरच्या बदलाच्या वेळी. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

तक्त्यांची रचना आपोआप पलीकडे जात नाही, फक्त नोंदी जातात. जुन्या सर्व्हरवर मध्येच नवा रकाना वाढविला, तर तो नव्यावर नसल्याने नोंदी अडतील. यास्तव रेप्लिकेशन सुरू झाल्यापासून बदल पूर्ण होईपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये कोणताही नवा फॉर्म वा रकाना वाढवावयाचा नाही, असा नियम सर्व विभागांना पाळावा लागेल. मोठ्या फाईली साठविण्याचा एक जुना प्रकारही या मार्गाने जात नाही. क्ष-किरण चित्रे वा स्कॅन केलेले कागद त्या प्रकाराने ठेवलेले आहेत काय, हे तपासून त्यांची वेगळी व्यवस्था करावी लागेल.

नवा सर्व्हर काही कारणाने बंद पडला, तर जुना सर्व्हर त्याच्यासाठी कीर्दीची पाने राखून ठेवतो. ही पाने साठत जाऊन जुन्याच सर्व्हरची जागा भरली, तर चालू रुग्णालयच बंद पडेल. म्हणून नवा किती मागे आहे आणि जुन्यावर जागा किती शिल्लक आहे, या दोन आकड्यांवर दिवसरात्र लक्ष ठेवणारा माणूस नेमावा लागेल.

शेवटी ताळा. ज्याप्रमाणे तेरीज जुळल्याशिवाय हिशेब मिटत नाही, त्याप्रमाणे दोन्ही सर्व्हरवरील नोंदींची संख्या, विभागवार बिलांची बेरीज, निर्धन रुग्ण निधीची शिल्लक आणि औषधसाठ्याचे आकडे मिळविल्याशिवाय पुढे जावयाचे नाही. हे काम संगणक विभागाचे एकट्याचे नाही. लेखा विभागाने ते स्वतःच्या हाताने करून त्यावर सही करावी, असा आमचा आग्रह आहे.

बदलाची रात्र

या कामासाठी दिवस निवडताना पंचांग आणि गाव दोन्ही पाहावे लागतील. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी श्रीसिद्धेश्वरांची यात्रा, आषाढीच्या वारीचे दिवस आणि बाह्यरुग्ण विभागात गर्दी असणारे वार हे वर्ज्य. रविवारची पहाट त्यातल्या त्यात सोयीची, कारण तेव्हा नियोजित शस्त्रक्रिया नसतात.

त्या वेळी क्रम असा राहील. प्रथम सर्व विभागांतून जुन्या सर्व्हरवर लिहिणे बंद केले जाईल. नवा सर्व्हर अखेरच्या नोंदीपर्यंत पोहोचला याची खात्री केली जाईल. त्यानंतर क्रमांकांची जुळवणी होईल. ही बाब बारीक दिसते, पण तीच पुष्कळदा निसटते. या पद्धतीत नोंदी पलीकडे जातात, पण 'पुढचा पावती क्रमांक कोणता' हा चालू आकडा जात नाही. तो हाताने लावला नाही, तर नवा सर्व्हर जुनेच क्रमांक पुन्हा काढू पाहील, आणि एकतर नोंद नाकारली जाईल किंवा एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतील. आपल्या देणगीची पावती प्राप्तिकर सवलतीसाठी पुरावा असते, हे लक्षात घेता यातील गांभीर्य आपल्या ध्यानी येईल. क्रमांक लागले की संगणकांना नव्या सर्व्हरचा पत्ता दिला जाईल, ठरलेल्या चाचण्या होतील आणि कामकाज पुन्हा खुले होईल.

या मधल्या वेळेसाठी कागद सज्ज असेल. अपघात विभागात छापील केसपेपर, स्वतंत्र क्रमांकमालेची पावतीपुस्तके, प्रत्येक कक्षात दाखल रुग्णांच्या औषधोपचाराचा आदल्या संध्याकाळी काढलेला छापील गोषवारा, आणि प्रयोगशाळेपासून कक्षापर्यंत अहवाल नेणारे सेवक. कागदावरील प्रत्येक नोंद नंतर संगणकात चढवून त्यावर दोन सह्या घेतल्या जातील. ज्येष्ठ परिचारिकांना कागदावरचे काम नवे नाही. तरुण कर्मचाऱ्यांसाठी त्याची तालीम आधी घेतली जाईल.

परत फिरण्याचा निर्णय कोणी आणि केव्हा घ्यावा, हे आधीच लिहून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तांत्रिक बिघाडामुळे व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. बाजारापाशी पर्यायी केंद्र होते, पण कामकाज त्याच्याकडे वळविले गेले नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम केला, की बिघाडानंतर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर पाऊण तासात कामकाज पूर्ववत करावे, आवश्यक तर पर्यायी केंद्रावरून. दुसरे दालन बांधलेले असणे पुरेसे नसते, त्याचे दार वेळेवर उघडावे लागते, हा त्यातील बोध. पुढे २ मार्च २०२४ च्या शनिवारी मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी खास सत्र भरवून सकाळी मुख्य केंद्रावरून व नंतर पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार करून दाखविले.

त्याच धर्तीवर आम्ही दोन गोष्टी सुचवितो. पहिली, खऱ्या बदलाआधी किमान एकदा पूर्ण रंगीत तालीम. दुसरी, घड्याळाची मर्यादा. ठरलेल्या वेळेपर्यंत चाचण्या पार पडल्या नाहीत, तर चर्चा न करता जुन्या सर्व्हरवर परतावयाचे. हा निर्णय वैद्यकीय अधीक्षकांच्या हाती असावा, संगणकतज्ज्ञांच्या नव्हे. कारण 'आणखी दहा मिनिटांत होईल' असे तज्ज्ञाला नेहमीच वाटते, आणि रुग्णाची निकड डॉक्टरांनाच कळते. बदल झाल्यानंतरही काही दिवस उलट दिशेने, नव्याकडून जुन्याकडे, नोंदी पाठवीत राहण्याची सोय करता येते. त्यामुळे चार दिवसांनी दोष आढळला, तरी मधल्या नोंदी न गमावता मागे येता येईल. तिसऱ्या मार्गाचा खर्च आम्ही समर्थनीय मानतो तो मुख्यतः यासाठी.

दुसरी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. नोंदींची सतत दुसरी प्रत होत असेल, तर बॅकअपची गरज काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रेप्लिकेशन आज्ञाधारक असते. कोणी चुकून एक नोंद पुसली, तर ती दुसरीकडेही तत्काळ पुसली जाते. गिटलॅब या जगप्रसिद्ध सॉफ्टवेअर संस्थेत ३१ जानेवारी २०१७ रोजी रेप्लिकेशनमधील अडचण सोडविताना मुख्य सर्व्हरवरील माहितीच पुसली गेली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था असूनही त्यांतील बहुतेक कामी आल्या नाहीत, आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. त्या संस्थेने हे सर्व स्वतःहून जाहीर केले, हा तिचा मोठेपणा. त्यापासून शिकावयाचे ते हे, की बॅकअप वेगळ्या जागी, जाळ्यापासून अलग ठेवावा, आणि तो परत चढवून पाहावा. उघडून न पाहिलेल्या पेटीत काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. वैद्यकीय नोंदी किमान तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास त्या बहात्तर तासांत देणे, हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने डॉक्टरांवर घातलेले बंधन आहे. बॅकअपशिवाय ते पाळता येणार नाही.

खर्च आणि विनंती

या पैशात एखादे डायलिसिस यंत्र आले असते, असे कोणी म्हटले तर आम्ही त्यास वावगे म्हणणार नाही. देणगीचा प्रत्येक रुपया रुग्णाच्या उशाशी पोहोचावा, ही भावना योग्यच आहे. आमचे म्हणणे इतकेच, की डायलिसिसवरील रुग्णाचा मागच्या खेपेचा अहवाल हाती नसेल, तर ते यंत्रही अर्धेच काम करते. या योजनेत सॉफ्टवेअरला परवाना शुल्क नाही. खर्च आहे तो दुसऱ्या सर्व्हरचा, साठवणुकीच्या जागेचा आणि जाणकार माणसांच्या वेळेचा. काम पूर्ण झाल्यावर जुन्या सर्व्हरवरही नवी आवृत्ती बसवून तो कायमचा राखीव सर्व्हर म्हणून वापरता येईल. म्हणजे बदलासाठी घेतलेली सोय पुढील वर्षांतही उपयोगी पडेल, आणि नोव्हेंबर २०२९ च्या आधी पुढची आवृत्ती घेताना हीच वाट पुन्हा चालता येईल.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की दुसरा सर्व्हर, रंगीत तालमीचा खर्च आणि वेगळ्या जागी ठेवावयाचा बॅकअप या तिन्ही बाबींना एकत्रच मंजुरी द्यावी. यातील एक वगळून उरलेल्या दोन केल्यास काटकसर झाल्यासारखी वाटेल, पण सुरक्षितता उरणार नाही. देणगीदारांना विनंती, की ज्या देणगीवर पाटी लावता येत नाही तिचाही आपण विचार करावा. रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती, की बदलाचा दिवस किमान पंधरा दिवस आधी फलकावर जाहीर केला जाईल. त्या पहाटे खिडकीवर हाताने लिहिलेली पावती मिळाल्यास ती जपून ठेवावी आणि आपले जुने कागद सोबत आणावेत. अपघात विभाग, प्रसूतिकक्ष आणि अतिदक्षता विभाग त्या पहाटेही नित्याप्रमाणे चालू असतील. त्यांच्यासाठीच ही सारी खटपट आहे.

 हे निवेदन आम्ही सभेपुढे मंजुरीसाठी ठेवतो.